लाल झाकणाचं ॲसिड

"दोनशे ऐंशी झाडं हायत माही! दोनशे ऐंशी! एकेकाले नाव ठेवलं नाही एवढंच, नाही त लेकरंच हायत ती! काहून मरून राहिली सांगा! सांगा ना जी!"

असं म्हणत कौसल्याबाईंनी पाच लिटरची लाल झाकणाची कॅन आमच्या काउंटरवर आदळली. त्या आदळण्याने काउंटरची काच उभी तडकली, असं मी पुढे दुकान सोडेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. काच तडकली नव्हती. पण आवाज असा झाला, की समोरच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस हातात पातेलं घेऊन बघायला आला आणि ते पातेलं विकायचं विसरून तिथेच उभा राहिला. गल्लीतून जाणाऱ्या दोन स्कूटी थांबल्या. नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत दोन स्कूटी थांबल्या की मागे पन्नास थांबतात. शेठजी आतून गादीवरून उठून बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"वामनभाऊ," शेठजी म्हणाले, "काय झालं?"

काय झालं होतं ते त्या क्षणी मलाही माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने कळलं. आणि कळल्यावर मी जे केलं, ते आज लिहितो आहे. या अंकाच्या संपादकांनी खरं तर 'दुकानदारीतले गमतीदार किस्से' मागितले होते. ते देतोच. किस्से माझ्याकडे इतके आहेत की सक्करदऱ्याचा तलाव भरून वर वाहतील. पण थकलो आता. एकतीस वर्षं ॲसिडच्या काउंटरवर उभं राहून गुडघे गेले, बोटांचे ठसे गेले. आधार कार्डाच्या यंत्रावर अंगठा ठेवला तर यंत्र विचारतं, माणूस आहे की काच? गमतीजमती सांगता सांगता दम लागतो. तेव्हा जे सांगायचं ते एकदाच सांगून टाकतो.

आधी धंदा समजून घ्या. आमचं दुकान रसायनांचं. पुढे काउंटर, मागे लांबोडकं गोदाम, गोदामात पन्नास-पन्नास किलोच्या कॅनींची रांग. त्यातून माप काढून आम्ही लहान कॅनींत द्यायचो. बॅटरीवाले, सोनार, फिनाइल बनवणारे, कॉलेजांच्या प्रयोगशाळा, सगळी गिऱ्हाइकं. औषध विकायचं नाही, खत विकायचं नाही, फक्त रसायन विकायचं. त्याचं कोणी काय करतो हे विचारायचं नाही, असा शेठजींचा नियम होता आणि मी तो दिवसातून चाळीस वेळा मोडायचो. कारण मी बी.एस्सी. आहे. तिसऱ्या झटक्यात झालो, पण झालो. एवढ्या मेहनतीने मिळवलेलं ज्ञान फुकट का घालवायचं?

आता ज्यावरून हे सगळं झालं, ते ॲसिड. फॉस्फरसचं. फॉस्फरस हे नाव ग्रीक. अर्थ 'प्रकाश वाहून आणणारा'. पहाटेच्या शुक्राच्या चांदणीला ते लोक हे नाव द्यायचे. पुढे कोणाला तरी अंधारात आपोआप चमकणारा एक पदार्थ सापडला आणि चांदणीचं नाव त्याला मिळालं. आपल्याकडच्या पुस्तकांत त्याला स्फुरद म्हणतात. स्फुरणं म्हणजे लकाकणं, थरथरणं. दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट दिसली आणि दोघांनी सारखंच नाव ठेवलं, याचं मला कायम कौतुक वाटत आलेलं आहे.

या स्फुरदाची आमच्या दुकानात दोन ॲसिडं होती. एक फॉस्फोरिक, दुसरं फॉस्फरस ॲसिड. दोघांत फरक एका ऑक्सिजनचा. फॉस्फोरिकमध्ये ऑक्सिजनचे चार अणू, दुसऱ्यात तीन. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, फॉस्फोरिक म्हणजे जेवून पान खाऊन बसलेला माणूस. याला आणखी काही नको. आणि फॉस्फरस ॲसिड म्हणजे अर्धपोटी उठवलेला माणूस. त्याची नजर अजून ताटावर आहे. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी हे ऐकलं आणि वर्गात सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मला कोणी बोलावलं नाही.

पण कामं बघा किती वेगळी. फॉस्फोरिक गंजाचं. लोखंडाला लावलं की गंज खातं आणि वर एक करडी परत ठेवून जातं, त्यावर रंग घट्ट बसतो. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की तेच. दातांचे डॉक्टर दात भरायच्या आधी जे निळं जेल लावतात, तेही तेच. थंड पेयाच्या बाटलीत आंबटपणाला तेच, फार थोडं. आणि झाडाला दिलं तर, पोटॅशने त्याचा आंबटपणा मारून, ते खत होतं. झाड ते खातं.

अर्धपोटी ॲसिडचं तसं नाही. ते झाडाला जेवायला कामाचं नाही. ते पोटॅशने मारून झाडाला दिलं की झाडाच्या शिरांतून वरपासून मुळापर्यंत जातं आणि तिथे डिंक्याची बुरशी असेल तिला धरतं. संत्र्याच्या बागवानाला डिंक्या काय ते सांगावं लागत नाही. बुंध्याच्या सालीतून डिंक गळतो, साल कुजते, पानं पिवळी पडतात आणि दहा-बारा वर्षांचं भरल्या अंगाचं झाड उभ्या-उभ्या वाळतं. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, ती बाहेरून. हे ॲसिड आतून. दिवाळीच्या आधी, पाऊस सरला की एकदा द्यायचं, हे बागवानांना माहीत.

एक खत, एक औषध. एक झाड खातं, दुसरं झाडाला वाचवतं. दिसायला मात्र दोन्ही पाण्यासारखी. रंग नाही, वास नाही. अर्धपोटी मुळात पांढऱ्या चुऱ्यात येतं, पण पावसाळ्यात त्या चुऱ्याचा असा दगड होतो की फोडायला सब्बल लागते. म्हणून आम्ही ते आधीच पाण्यात विरघळवून कॅनींत भरून ठेवायचो. आणि ॲसिडच्या दुकानात लेबल टिकत नाही. एक थेंब ओघळला की शाई जाते, दुसरा ओघळला की कागद जातो. म्हणून मी पद्धत काढली होती. निळं झाकण गंजाचं. लाल झाकण झाडाचं. पंचवीस वर्षं नागपुरात त्या पद्धतीवर माल गेला. लोक येऊन नाव घेतच नव्हते. "वामनभाऊ, लाल पाच लिटर." झालं. या पद्धतीचा मला इतका अभिमान होता, की दिल्लीहून कोणी येऊन मला शाल द्यावी असं वाटायचं.

आणखी एक पद्धत आमच्या धंद्यात होती, ती मी काढलेली नाही. ती सगळ्यांची. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की पहिलं उत्तर: पाणी. फिनाइल फाटलं? पाणी जड असेल. बॅटरी बसली? पाणी कोणतं टाकलं? सोन्याला झळाळी नाही? नळाचं पाणी वापरलं काय? विदर्भात पाणी असं आहे, की दहांतल्या सातांना हे उत्तर खरंच असतं. उरलेल्या तिघांना ते पटतं. मी तर इतका सराईत झालो होतो, की घरी बायको म्हणाली, वरण शिजलं नाही, तरी तोंडातून निघायचं, पाणी.

किस्से म्हणाल तर एका म्हाताऱ्या काकांनी कंपनीहून नुकत्याच आलेल्या फॉस्फोरिकच्या लेबलवर 'ऑर्थो' वाचलं, हाडांच्या डॉक्टरांच्या पाटीवर असतं तेच, आणि गुडघ्याला चोळायला अर्धा लिटर मागितलं. त्यांना मी खुर्चीत बसवून तासभर समजावलं. ते समजले. मग म्हणाले, "बरं, पाव लिटर द्या."

पण सगळ्यांत गाजलेला किस्सा चमकणाऱ्या गणपतीचा. एका मंडळाचे पाच कार्यकर्ते आले. कपाळाला गंध, छातीवर बिल्ले. म्हणाले, "काका, फॉस्फरस ॲसिड द्या. मूर्तीच्या मुकुटाले लावतो. रात्री लाइट बंद केली का मुकुट चमकला पाह्यजे." कोणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. मी म्हणालो, "अरे बाप्पा, जो चमकतो तो फॉस्फरस. ॲसिडात तो जळून गेलेला असतो. दिवा विझला, त्याची राख झाली, ती राख पाण्यात कालवली, ते हे पाणी. त्यात उजेड शोधता का?" त्यांचा अध्यक्ष म्हणाला, "काका, अर्धा जळलेलाच द्या ना मग. थोडा त चमकंल." म्हणजे बघा, न शिकता त्या पोराला ऑक्सिजनचा हिशोब कळला होता! यापुढचं मी वाढवून सांगतो. त्यांनी लपून ते कसं नेलं, मुकुटाचा सोनेरी रंग कसा वितळला, विसर्जनाच्या मिरवणुकीत गणपतीला कशी नवीन पगडी बांधली. यातलं काहीच झालं नाही. ते शेजारच्या दुकानातून रेडियमचा कागद घेऊन गेले. पण किस्सा सांगताना पगडीपाशी लोक हसून लोळतात, म्हणून पगडी ठेवावी लागते.

हा किस्सा मी कधी आणि कुठे सांगितला, ते आता लक्षात ठेवा.

आमच्या दुकानात दसऱ्याला पूजा मोठी. तराजू, मापं, फनेल, सगळ्यांना हळद-कुंकू. कॅनी आधी धुऊन पुसून चकचकीत करायच्या, मग प्रत्येकीला झेंडूचं एक फूल. हे धुण्याचं काम गोदामातले दौलत रामटेके करायचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, बोलणं कमी. त्यांची रीत अशी, की एक कॅन घ्यायची, झाकण काढायचं, धुवायचं, लावायचं, मगच दुसरी. दसऱ्याच्या दिवशी मात्र ते दीक्षाभूमीवर जायचे, घरच्या सगळ्यांना घेऊन, पांढऱ्या कपड्यांत. म्हणून धुणं आदल्या दिवशी उरकून ठेवायचे. त्या वर्षी गावाकडून पाहुणे आले आणि दौलतभाऊ आदल्या दिवशीही आले नाहीत. मला म्हणाले होते, "वामनभाऊ, यंदा पूजा तशीच करा, धुनं मी दसरा झाला का येऊन करतो." मी म्हणालो, "हट! त्यात काय करायचं आहे?"

सकाळी मी सगळी झाकणं काढली आणि एका घमेल्यात टाकली. एकदम. मला वाटलं, वेळ वाचेल. झाकणं साबणाच्या पाण्यात, कॅनी बाहेरून धुतलेल्या, तोवर शेठजींचे व्याही, त्यांची मंडळी, आजूबाजूचे दुकानदार असे वीस-बावीस लोक जमले. कोणीतरी म्हणालं, "वामनभाऊ, तो गणपती सांगा." आणि मी सांगितला. हाताने झाकणं बसवत सांगितला. लाल, निळं, लाल, निळं. पगडीपाशी आलो तेव्हा व्याहीबुवांना हसून ठसका लागला. तेव्हा माझ्या हातात कोणतं झाकण होतं, देव जाणे. मी बघत नव्हतो. मी व्याहीबुवांकडे बघत होतो.

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कौसल्याबाई आल्या. काटोल रोडच्या बाजूच्या एका गावच्या. नवरा एसटीत वाहक, बागेचं सगळं बाईच बघायच्या. उंच, काटक, हातात कायम एक वही, त्यात प्रत्येक झाडाचं ओळीनुसार टिपण. "वामनभाऊ, लाल पाच लिटर. अन् पोटॅश." मी दिलं. आंबटपणा मोजायच्या पट्ट्याही दिल्या. पट्टी काय, तिला आंबट आहे का नाही एवढंच कळतं. कोण आंबट आहे, ते तिला कळत नाही.

दिवाळीला बाई पुन्हा आल्या, संत्र्यांची गोणी घेऊन. "झाडं कशी हिरवीगार झाली जी! पानं पाहा, मोबाइलमध्ये." खरंच हिरवी होती. मी ती संत्री खाल्ली, चार घरी वाटली आणि प्रत्येक घरी सांगितलं, हा माझ्या ॲसिडचा प्रताप आहे. होताच. खत खाऊन हिरवी झाली होती बिचारी.

त्याच आठवड्यात कामठीचे सलीमभाई आले. लोखंडी फाटकं बनवतात, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाले, "भाई, इस बार वो भूरी परत नहीं बैठी लोहे पे. जंग तो गया, पर परत नहीं आयी." यावेळी मी कान टवकारायला हवे होते. करडी परत फक्त फॉस्फोरिक ठेवतं. पण मी वर न बघताच म्हणालो, "सलीमभाई, पानी कौनसा डाला?" "पानी तो वही है," ते म्हणाले आणि गेले.

मग माघात ही आदळलेली कॅन.

"घ्या पाहून!" बाई म्हणाल्या. "अर्धी शिल्लक हाय. डिंक गळून राहिला साऱ्या बुंध्याइले. हात लावला का साल निघून येते. मी तुमच्या भरवशावर बोर्डो बी एकच हात मारला."

"बाई, बसा तुम्ही. मी तपासतो," असं म्हणून कॅन घेऊन मी गोदामात गेलो. मागे दौलतभाऊ आले. माझ्याकडे सिल्व्हर नायट्रेटची एक तपकिरी बाटली असायची, सोनारांच्या कामाची. परीक्षानळीत बाईंच्या कॅनीतलं थोडं घेतलं, सोडा घालून आंबटपणा मारला, वरून दोन थेंब टाकले. अर्धपोटी ॲसिड असलं तर हे चांदीचं पाणी काळं पडतं. पोट भरलेलं असलं तर पिवळं.

पिवळं झालं. असं पिवळं, की झेंडूच्या फुलासारखं.

मग रांगेतल्या निळ्या झाकणाच्या एका कॅनीतून घेतलं. ते काळं पडलं.

दौलतभाऊंनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. "झाकनं कोन लावली होती?" एवढंच म्हणाले. त्यांनी नळ्या खाली ठेवल्या. "बाईले तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"मी सांगतो."

बाहेर आलो. शेठजी उभे होते. भांडेवाला उभा होता. पंचवीस वर्षांचं लाल झाकण, निळं झाकण आणि माझं नाव, सगळं त्या काउंटरवर होतं. बाईंच्या हातात वही होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाई, माल चुकला, ही घ्या बरोबरची कॅन, आज संध्याकाळपासून द्या, जेवढी वाचतील तेवढी वाचतील. हे एक वाक्य झालं. मी आयुष्यात लाखो वाक्यं बोललो असेन.

मी म्हणालो, "बाई, माल बरोबर आहे. तुमच्या विहिरीचं पाणी जड आहे. औषध त्यात मरतं."

बाईंचा आवाज बसलाच एकदम. वही मिटली. "पाण्यानं झालं?" म्हणाल्या.

"हो. तरी आमच्याकडून ही नवी कॅन न्या, पैसे नका देऊ." बाहेर येतानाच मी ती निळ्या झाकणाच्या कॅनीतून भरून आणली होती, वर लाल झाकण लावलं होतं. म्हणजे माल आता बरोबर होता! मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो. खोटं बोलून खरं औषध दिलं, गाडी रुळावर आली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लोक बघत होते. आणि लोक बघत असले की माझी पगडी येतेच.

"विहिरीचं पाणी वापरू नका. पावसाच्या पाण्यात कालवलं ना बाई, तर बघा काय होतं! त्याच्यासारखं पाणी नाही."

"पावसाचं चालंल?"

"चालेल? धावेल!"

भांडेवाला हसला. शेठजी गादीवर गेले. बाई कॅन घेऊन गेल्या. दौलतभाऊ गोदामाच्या दारात उभे होते. ते आत वळले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश आणला आणि एकेका कॅनीच्या पोटावर लिहिलं: 'फॉस्फोरिक – लोखंडासाठी'. 'फॉस्फरस ॲसिड – झाडासाठी'. सहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण अक्षर छापल्यासारखं. रंग आजही गेला नाही म्हणतात. मी पंचवीस वर्षांत एकदाही नाव लिहिलं नव्हतं. जे नाव मी लोकांना एवढं समजावून सांगायचो, त्याची व्युत्पत्ती सांगायचो, ते लिहायचा कंटाळा केला.

चैत्रात मी बाईंना फोन लावला. मनात रुखरुख होतीच. "काय बाई, दिलं का औषध?"

"नाही जी. ठेवलं हाय झाकून. टिनाले पन्हाळी बसवली, दोन ड्रम आणले. पावसाची वाट पाहून राहिलो."

उन्हाळा कसा असतो नागपूरचा, ते बाहेरच्यांना काय सांगायचं? डांबर मऊ होतं, कावळा चोच उघडी टाकून बसतो. त्या उन्हात ती बाई दोन रिकामे ड्रम मांडून बसली होती, कारण मी म्हणालो होतो, धावेल. अजूनही वेळ होता. फोन कानाला होता. "बाई, विहिरीच्या पाण्यात द्या, आजच द्या," एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्या विचारणार, तुम्हीच तर म्हणाला होता, पाणी जड आहे. मग त्याचं उत्तर द्यावं लागणार, मग झाकणं येणार, मग दसरा येणार.

मी म्हणालो, "बरं, काळजी घ्या."

मग त्यांचे फोटो येत राहिले. पिवळी पानं. मग पानं नसलेल्या फांद्या. फोटोखाली कधी एक शब्द नव्हता. मी प्रत्येक फोटोला हात जोडलेलं चित्र पाठवायचो. जूनमध्ये ड्रम भरले, त्यांनी औषध दिलं, पण तोवर बऱ्याच झाडांच्या मुळ्या काळ्या पडल्या होत्या. मुळ्या नसल्या तर औषध जायचं कुठे?

पुढच्या वर्षी मी दुकान सोडलं. निरोपाला शेठजींनी शाल दिली. दौलतभाऊ आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते, पण त्या दिवशी मुद्दाम आले. हार घालताना कानात म्हणाले, "गेलते का तिकडं?" मी म्हणालो, जाणार आहे. त्यांनी हार नीट केला आणि मागे सरकले.

जायला आणखी आठ महिने लागले. गुडघ्यांचं कारण होतं, उन्हाचं कारण होतं. शेवटी गेल्या महिन्यात एसटीने उतरलो आणि बांधावरून चालत गेलो. ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या, तिथे तूर उभी होती. मधेमधे संत्र्याची झाडं. मी मोजायला लागलो, ब्याण्णवपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. एका बाजूला वाळलेल्या बुंध्यांची रास, ओळीने रचलेली, जशी वहीत असतील तशी.

बाई विहिरीपाशी होत्या. बादली वर काढत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या वामनभाऊ. बसा सावलीत."

मी बसलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. घमेलं, झाकणं, गणपतीचा किस्सा. पिवळी नळी, काळी नळी. भांडेवाला बघत होता ते. फोन केला तेव्हा गप्प बसलो ते. पहिल्यांदा आयुष्यात मी एक गोष्ट न वाढवता सांगितली, आणि ती संपायला पाच मिनिटंही लागली नाहीत. शेवटी म्हणालो, "बाई, तुमच्या पाण्यात काही दोष नव्हता. मी खोटं बोललो."

बाईंनी पितळी गडवा विसळला, बादलीतून भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पाणी त गोडच हाय आमच्या विहिरीचं," त्या म्हणाल्या. "प्या."